रेंजच्या काड्या आणि खरा आकडा

देवळा (प्रतिनिधी) : देवळा तालुक्यातील गावांमध्ये ‘रेंज’ हा शब्द आता पाऊस, वीज आणि कांद्याचा भाव यांच्या बरोबरीने उच्चारला जातो. याला कारणही तसेच आहे. बँकेच्या खात्यातून पैसे काढायचे तर ओटीपी, आधार जोडणी करायची तर ओटीपी, अनुदानाच्या केवायसीसाठी पुन्हा ओटीपी. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावे लागते आणि ती माहिती वर चढवण्यासाठी नेटवर्क लागते. शेतकऱ्याचा हक्क सातबाऱ्यावर नोंदला जाण्याआधी तो मोबाईलच्या लहरींवरून प्रवास करतो, अशी आजची स्थिती आहे.

या प्रवासात अडथळा आला की एक ठरावीक वाद सुरू होतो. ग्राहक म्हणतो, ‘रेंज नाही.’ कंपनीच्या तक्रार केंद्रातून उत्तर येते, ‘आपल्या भागात नेटवर्क व्यवस्थित आहे.’ ग्राहक फोनच्या कोपऱ्यातील काड्या मोजतो. कधी एक काडी असते, कधी दोन, तर कधी चार काड्या भरलेल्या दिसत असूनही संदेश पुढे सरकत नाही. दोन्ही बाजूंकडे ठोस पुरावा नसल्याने वाद तेथेच संपतो आणि नुकसान मात्र ग्राहकाच्या पदरी पडते.

वास्तविक या वादाचा निकाल देणारा आकडा त्याच फोनच्या पोटात असतो. कारखान्यातील तंत्रज्ञ आणि दुरुस्ती केंद्रातील कारागीर यांच्या सोयीसाठी प्रत्येक हँडसेटमध्ये काही छुपे संकेतांक ठेवलेले असतात. स्टार, हॅश आणि काही आकडे दाबले की नेहमीच्या मेनूत न दिसणारी माहिती पडद्यावर येते. ‘मोबाईलचे गुप्त कोड’ म्हणून गेली पंचवीस वर्षे हे आकडे तोंडोतोंडी आणि संदेशांमधून फिरत आहेत. त्यातील काही उपयुक्त आहेत, काही निव्वळ अफवा आहेत, तर काही खिसा कापणारे आहेत. यातील फरक ओळखता येणे ही आता हौशी मंडळींपुरती बाब राहिलेली नाही.

काड्यांचे गणित कोणाचे?

रेंज दाखवणाऱ्या काड्या हे मोजमाप नाही, ते मोजमापाचे चित्र आहे. किती ताकदीच्या लहरींना किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक हँडसेट कंपनी आपापल्या परीने ठरवते. त्यामुळे एकाच ओट्यावर, एकाच कंपनीचे सिम असलेले दोन फोन शेजारी ठेवले तरी एकावर चार आणि दुसऱ्यावर दोन काड्या दिसू शकतात.

हे चित्र किती फसवे असू शकते याचे जाहीर उदाहरण २०१० मध्ये घडले. आयफोन ४ हातात विशिष्ट पद्धतीने धरला की रेंज कोसळते, अशा तक्रारी जगभरातून आल्या. २ जुलै २०१० रोजी ॲपल कंपनीने ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, किती काड्या दाखवायच्या याचे कंपनीचे सूत्रच पूर्णपणे चुकीचे होते आणि अनेकदा असायला हव्या त्यापेक्षा दोन काड्या अधिक दाखवल्या जात होत्या. जगातील एक अग्रगण्य कंपनी आपल्याच काड्यांबाबत चुकू शकते, तर देवळ्यातील ग्राहकाने त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न उरतोच.

खरे मोजमाप ‘डीबीएम’ या एककात होते. फोनपर्यंत पोहोचणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असल्याने हा आकडा नेहमी उणे असतो. उणे चिन्हापुढील संख्या जितकी लहान, तितकी रेंज चांगली. ४जी सेवेत उणे ८० किंवा त्याहून बरा आकडा उत्तम समजला जातो. उणे ९० च्या आसपास कामकाज सुरळीत चालते. उणे १०० च्या पुढे कुरबुर सुरू होते. उणे ११० च्या खाली घसरल्यावर घरात बोलणे तुटते आणि उणे १२० म्हणजे सेवा जवळपास संपल्याचे लक्षण.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. हा साधा चढउतार नव्हे. दहा डीबीचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. उणे ९० वरून उणे ११० वर आलेला फोन वीस अंकांनी घसरलेला दिसतो, प्रत्यक्षात त्याला मिळणारी ताकद शंभरपटीने कमी झालेली असते. अंगणात मिळणारी रेंज पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या घरात का नाहीशी होते, याचे उत्तर या गणितात आहे. तसेच २जी आणि ४जी यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. दोन्हींत मोजण्याची पद्धत निराळी असल्याने २जी वरील उणे ९५ आणि ४जी वरील उणे ९५ यांचा अर्थ एक होत नाही.

आकडा पाहण्याची रीत

अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* हा संकेतांक दाबल्यास चाचणीचा पडदा उघडतो. कळफलकावरील इंग्रजी अक्षरे जुळवली तर ४६३६ मधून ‘इन्फो’ म्हणजे माहिती हा शब्द तयार होतो. शेवटची खूण दाबताच पडदा येतो, कॉलचे हिरवे बटण दाबावे लागत नाही. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये *#००११# आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* दाबून कॉल केल्यास अशीच माहिती मिळते. सर्वच उत्पादकांनी हे दरवाजे उघडे ठेवलेले नाहीत. ज्या फोनवर संकेतांक चालत नाही, तेथे अनेक अँड्रॉइड हँडसेटच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या विभागात सिमची स्थिती पाहिल्यास डीबीएमचा आकडा सापडतो.

या पडद्यावर इतरही आकडे असतात. त्यातील तीन गोष्टी सामान्य ग्राहकाने पाहाव्यात. पहिली, लहरींची ताकद. दुसरी, त्या लहरींमध्ये मिसळलेला गोंगाट दाखवणारा आकडा. हा वीसच्या आसपास असेल तर लहरी स्वच्छ आहेत, शून्याच्या खाली गेला तर रेंज दिसूनही काम होणार नाही. तिसरी, फोन कोणत्या पट्ट्यावर आणि कोणत्या सेलशी जोडलेला आहे याची नोंद.

या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की दुखणे कोठे आहे ते कळू लागते. ताकदच उणे ११५ असेल, तर टॉवर दूर आहे किंवा मध्ये डोंगर आहे. त्यावर उपाय नवा टॉवर हाच. ताकद उणे ८५ आहे, गोंगाटही नाही, तरीही सायंकाळी सात ते दहा या वेळेत इंटरनेट रांगते, तर दोष अंतराचा नाही. त्या टॉवरवर ग्राहकांची गर्दी आहे किंवा टॉवरला मागून मिळणारी केबल अथवा मायक्रोवेव्हची जोडणी अपुरी आहे. तेथे नवा टॉवर उभारण्याऐवजी क्षमता वाढवावी लागते. शेजारच्या फोनवर आकडा चांगला आणि आपल्याच फोनवर वाईट असेल, तर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, हँडसेट बदलण्याची वेळ आली आहे. तिन्ही दुखण्यांना ग्राहक ‘रेंज नाही’ असे एकच नाव देतो आणि म्हणून तिन्हींना एकच ठोकळेबाज उत्तर मिळते.

डोंगर, दरी आणि पट्टे

देवळ्याच्या भूगोलात या तिन्ही शक्यता एकत्र नांदतात. १९९९ मध्ये स्वतंत्र झालेल्या या तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग उभी आहे. भावडबारीसारखा घाट आहे, तर उत्तरेकडे लोहोणेरच्या बाजूला गिरणेचे खोरे आहे. उमराण्यासारखी कांद्याची मोठी बाजारपेठ आहे, जेथे हंगामात एकाच आवारात शेकडो वाहने आणि तितकेच मोबाईल एकवटतात. डोंगराच्या कुशीतील वस्तीवर लहरी पोहोचत नाहीत, तर बाजाराच्या गावी पोहोचलेल्या लहरी गर्दीला पुरत नाहीत. दोन्ही ठिकाणची तक्रार शब्दाने सारखी असली तरी जातीने वेगळी आहे.

त्यात भर पडते ती पट्ट्यांची. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. १८०० मध्यम पल्ल्याच्या, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण लवकर थकतात. ग्रामीण भागात कमी मेगाहर्ट्झचा पट्टा हा खरा आधार असतो. बीएसएनएलने आपल्या स्वदेशी ४जी सेवेसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरात आणला आहे. या सेवेच्या सुमारे ९७ हजार ५०० टॉवरचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ओडिशातील झारसुगुडा येथून झाले. मात्र हा पट्टा पकडण्याची सोय नसलेले जुने ४जी फोन आजही वापरात आहेत. गावात टॉवर आला, तरी अशा फोनला त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही. चाचणीच्या पडद्यावर पट्ट्याचा क्रमांक पाहिला की हा उलगडा मिनिटभरात होतो.

शेतीच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. विहिरीवरील मोटार घरबसल्या चालू करणारे मोबाईल स्टार्टर शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर बसवले आहेत. यातील बरीच यंत्रे २जी सिमवर चालतात. रात्रीच्या पाळीत वीज आली आणि विहिरीवर २जी ची रेंज नसली, तर शेतकऱ्याला अंधारात, बिबट्याच्या भीतीत शेत गाठावे लागते. स्टार्टर बसवण्यापूर्वी त्याच जागी, त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून, फोन २जी वर ठेवून आकडा पाहिला, तर कोणते सिम घ्यावे याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

अफवांचा जुना बाजार

गुप्त कोडांभोवती अफवा पूर्वीपासूनच आहेत. नोकियाच्या जमान्यात *३३७०# दाबल्यास बॅटरीतील राखीव साठा खुला होतो, असा संदेश देशभर फिरला. प्रत्यक्षात तो संकेतांक आवाजाचा दर्जा वाढवण्यासाठी होता आणि त्यामुळे बॅटरी उलट लवकर संपत असे. लोकांनी बॅटरी वाचवण्यासाठी तोच आकडा दाबला. याउलट *#९२७०२६८९# या संकेतांकाने अनेक जुन्या नोकिया फोनची निर्मितीची तारीख आणि एकूण बोलण्याचा काळ कळत असे. जुना हँडसेट विकत घेताना हा आकडा खरोखर उपयोगी होता.

आजच्या अफवा अधिक घबराट पसरवणाऱ्या आहेत. *#२१# किंवा *#६२# दाबा आणि आपला फोन टॅप होतो आहे का ते पाहा, असे संदेश व्हॉट्सॲपवर नियमित येतात. हे संकेतांक टॅपिंगबद्दल काहीही सांगत नाहीत. आपल्याकडे येणारा कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवला आहे का, एवढेच ते दाखवतात. फोन बंद असताना किंवा रेंजबाहेर असताना येणारे कॉल कंपनीच्या स्वतःच्या सेवेकडे जाणे ही नेहमीची व्यवस्था असते. त्यामुळे *#६२# च्या उत्तरात एखादा अनोळखी क्रमांक दिसला म्हणजे हेरगिरी सुरू आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. कंपनीच्या सेवा केंद्रात तो क्रमांक कोणाचा हे विचारून घ्यावे.

तीन प्रकार, तीन परिणाम

गोंधळ होतो तो सर्व संकेतांक दिसायला सारखे असल्याने. स्टार, हॅश आणि आकडे सर्वांत असतात, परंतु ते दाबल्यावर निरोप कोणाकडे जातो, यावर त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार हँडसेटचा. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक किंवा वर सांगितलेला चाचणीचा पडदा हे फोनमधल्या फोनमध्ये घडते. सिम नसले तरी चालते, पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रकार कंपनीच्या जाळ्यातील सेवांचा. कॉल वळवणे, कॉल प्रतीक्षेत ठेवणे या सेवांची स्थिती *#२१# आणि *#४३# यांनी विचारता येते. परंतु याच घराण्यातील काही संकेतांक स्थिती विचारत नाहीत, ती बदलतात. सुरुवातीला ‘*#’ असेल तर सर्वसाधारणपणे तो प्रश्न असतो, नुसता ‘*’ असेल तर आज्ञा असते आणि ‘##’ असेल तर रद्द करण्याची आज्ञा असते. एवढे लक्षात ठेवले तरी दुसऱ्या प्रकारातील बराच धोका टळतो.

तिसरा प्रकार पलीकडच्या संगणकाशी संवाद साधण्याचा. कंपनीची शिल्लक पाहण्याचे आकडे आणि बँकिंगचा *९९# या प्रकारात येतात. राष्ट्रीय देयके महामंडळाची *९९# सेवा २८ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही ती चालते आणि मराठीतही उपलब्ध आहे. एप्रिल २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, अशा बँकिंगसाठीचे शुल्क शून्य केले. जेथे ४जी पोहोचत नाही पण २जी टिकून आहे, अशा वस्तीवर ही सेवा उपयोगाची आहे. तरीही तिची माहिती किती जणांना आहे, हा प्रश्नच आहे.

आज्ञा दुसऱ्याची, बोट आपले

संकेतांकाची ताकद किती मोठी असू शकते, हे सप्टेंबर २०१२ मध्ये जगाला दिसले. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करणारे रविशंकर बोरगावकर यांनी अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथील परिषदेत एक प्रात्यक्षिक दाखवले. संकेतस्थळावरील एका दुव्यात दडवलेला संकेतांक उघडताच सॅमसंगचा फोन कोणतीही विचारणा न करता आपली सर्व माहिती पुसून टाकत असे. कंपनीने त्यानंतर दुरुस्ती दिली. ते आकडे येथे देण्याचे प्रयोजन नाही. मुद्दा इतकाच की, हे संकेतांक म्हणजे खेळणे नव्हे.

भारतात मात्र चोरांनी तंत्रज्ञानातील अशा त्रुटीपेक्षा माणसाच्या विश्वासावर अधिक भर दिला. ‘मी मोबाईल कंपनीतून बोलतो आहे, तुमच्या सिममध्ये बिघाड आहे, हा नंबर दाबा म्हणजे रेंज सुधारेल,’ असे सांगून *४०१* या आकड्यांपुढे दहा अंकी क्रमांक दाबायला लावण्यात येत असे. त्यामुळे ग्राहकाचे कॉल चोराच्या फोनकडे वळत आणि कॉलवरून सांगितले जाणारे ओटीपी थेट त्याच्या कानी पडत. अशा तक्रारी वाढल्यानंतर केंद्राच्या दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून १५ एप्रिल २०२४ पासून ही कॉल वळवणी सेवा पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यास कंपन्यांना सांगितले. ज्यांना सेवा हवी त्यांच्यासाठी अन्य मार्गाने ती सुरू करण्याची मुभा ठेवण्यात आली.

या फसवणुकीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिचे आमिष. रेंज सुधारेल, हेच ते आमिष होते. जेथे रेंज चांगली आहे तेथे असा फोन आला तर माणूस दुर्लक्ष करील. जेथे दररोज गच्चीवर चढून बोलावे लागते, तेथे ‘कंपनीतून’ आलेला मदतीचा फोन देवासारखा वाटतो. म्हणजे ज्या गावाची सेवा सर्वांत वाईट, तेच गाव चोराला सर्वांत सोपे. रेंजची मोजणी आणि फसवणुकीपासून बचाव हे दोन वेगळे विषय नाहीत, ते येथे एकत्र येतात.

यावर नियम साधा आहे. कोणत्याही संकेतांकाने टॉवरची ताकद वाढत नाही. तो फार तर ताकद दाखवतो. रेंज वाढवून देणारा आकडा सांगणारी व्यक्ती एक तर अज्ञानी आहे किंवा लबाड. अशा वेळी फोन ठेवून द्यावा. चुकून काही दाबले गेले असल्यास *#२१# ने स्थिती पाहावी आणि ##००२# ने सर्व वळवण्या रद्द कराव्यात. उत्तर न मिळाल्यास फोनच्या कॉल सेटिंगमधून किंवा कंपनीच्या केंद्रातून खात्री करून घ्यावी. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

पंधरा अंकांची ओळख

सर्व संकेतांकांपैकी *#०६# मात्र प्रत्येकाने एकदा दाबून त्याचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे. आयएमईआय ही हँडसेटची ओळख होय. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर या क्रमांकाचे महत्त्व शासनाने ओळखले आणि ३० नोव्हेंबर २००९ नंतर आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्यात आली. तरीही एकच क्रमांक अनेक फोनवर घालण्याचे प्रकार थांबले नाहीत. उत्तर प्रदेशातील मेरठ पोलिसांना २०२० मध्ये एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे आढळले होते. दूरसंचार कायदा २०२३ नुसार या क्रमांकाशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे.

आठवडे बाजारात किंवा ओळखीतून जुना फोन घेताना ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि आयएमईआय असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवल्यास त्या हँडसेटची माहिती मिळते. फोन चोरीला गेल्यास पोलिसांत तक्रार देऊन, मे २०२३ मध्ये देशभर खुल्या झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी सेवेतून तो हँडसेट सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद करता येतो. त्यासाठी हे पंधरा अंक हाताशी असावे लागतात आणि फोन गेल्यानंतर ते फोनमधून मिळत नाहीत.

सरासरीत हरवलेले गाव

आकडा मोजला, पुढे काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. याबाबतचा इतिहास उद्बोधक आहे. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई देण्याचा नियम केला. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू व्हायचा होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. कॉल तुटण्यास ग्राहकाच्या बाजूची कारणेही असू शकतात आणि नियमाने हा भेद केलेलाच नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. दोष कोणाचा हे दाखवता आले नाही, तर हक्क टिकत नाही, असाच याचा व्यवहारातील अर्थ.

‘ट्राय’चे सेवा दर्जाचे सुधारित नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. चोवीस तासांहून अधिक काळ मोठा खंड पडल्यास देयकात सवलत किंवा मुदतवाढ देण्याची तरतूदही आहे. ही पावले स्वागतार्ह असली तरी त्यांची मापे मोठी आहेत. खंडाचा विचार जिल्ह्याच्या पातळीवर होतो. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई वगळता संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सेवाक्षेत्र आहे. पुणे, नागपूर, पणजी आणि देवळ्याच्या डोंगराआडची वस्ती यांची सरासरी काढली की वस्ती त्यात दिसेनाशी होते. सरासरी उत्तम आणि माणूस गच्चीवर, असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

म्हणूनच गावाने स्वतःचा आकडा ठेवणे अगत्याचे ठरते. शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र आणि दोन-तीन वस्त्या अशी आठ-दहा ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी सकाळ, दुपार आणि सायंकाळ, आठवडाभर, प्रत्येक कंपनीच्या सिमवर डीबीएम, गोंगाट आणि पट्टा यांची नोंद करावी. पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह जपावे. महाविद्यालयीन मुलांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. एकाच ठिकाणी दोन वेगळे फोन वापरले तर हँडसेटचा दोष असल्याचा आक्षेपही उरत नाही. कंपनीच्या नकाशावर जो भाग रंगवलेला आहे तेथे फोन उणे ११८ दाखवत असेल, तर ती विसंगती कागदावर येते.

ही नोंद जोडून १९८ वर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक आवर्जून घ्यावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. त्यानंतर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, अशी समजूत २००९ च्या एका निकालानंतर पसरली होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक न्यायालयांना असा अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. जेथे सेवाच नाही अशा गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६ हजार ३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली होती आणि त्यात २४ हजार ६८० गावे धरण्यात आली होती. अशा याद्यांमध्ये आपल्या वस्तीचा विचार व्हावा, अशी मागणी करतानाही ‘रेंज नाही’ या दोन शब्दांपेक्षा आठवडाभराच्या नोंदीला अधिक वजन राहील.

अर्थात, ग्राहकाने मोजमाप करावे याचा अर्थ कंपनीची आणि नियामकाची जबाबदारी संपली असा होत नाही. विजेच्या मीटरचा आकडा घराच्या भिंतीवर दिसतो, दुधाची फॅट उत्पादकासमोर मोजली जाते, कांद्याचे वजन काट्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. रेंजचा आकडा मात्र गुप्त कोडामागे ठेवलेला आहे आणि ग्राहकाच्या हाती काड्यांचे चित्र दिलेले आहे. हा आकडा प्रत्येक फोनच्या नेहमीच्या पडद्यावर, मराठीत आणि समजेल अशा भाषेत दिसावा, अशी अट उत्पादकांवर घालणे शासनाला अवघड नाही. तसे होईपर्यंत तालुक्यातील ग्रामपंचायतींनी आणि ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन पहिल्या आठवड्याची नोंद सुरू करावी. त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे.